रुमालाखालची प्रार्थना

आमच्या परतवाड्याच्या चर्चमध्ये दलालबाबा उजवा हात रुमालाखाली घालून प्रार्थना करत. बाकीची मंडळी डोळे मिटून हात जोडत; हे बाकावर रुमाल अंथरत, त्याखाली हात सारत आणि बोटं हलवत. बैलबाजारात दलाल असाच सौदा करतात. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, भाव बाहेर कुणाला कळू द्यायचा नाही. बाबांचा सौदा मात्र थेट देवाशी. मी पाळकांची मुलगी, त्यामुळे डोळे मिटणं माझ्यावर सक्तीचं होतं. पण एका डोळ्यानं मी त्यांनाच बघत असे. मधेच ते मान हलवून हात मागे घेत, पुन्हा सारत. कधी "आमेन" झाल्यावर माझ्या वडिलांना सांगत, "आज नाई जमलं, पादरीसाहेब. थो बी पक्का हाय."

बैलाची खोड लपवली आणि ती आठ दिवसांत निघाली, तर बैल वापस, हा बाजाराचा नियम. बाबांनी तो धर्मालाही लावला होता. बाप्तिस्मा घेणाऱ्या एका तरुणाला त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, "देवाले आपली खोड सांगतली का? मांगून लफडं नको." वडील कपाळाला हात लावत. "दलालबाबा, देवाचा करार बाजारातला नाही हो. तो माणसाला एकदा आपलं म्हणतो आणि मग सोडत नाही."

"असं कसं?" बाबा म्हणत. "मंग त्याचं कसं भागते?"

एका वर्षी पावसाची लक्षणं काही धड दिसेनात. कापूस पिकला नाही तर बैल कोण घेणार, म्हणून पेरणीआधी बाबांनी रुमालाखाली मोठाच सौदा ठरवला. हंगामभर एकाही बैलाबद्दल आपण खोटं बोलायचं नाही, आणि देवानं पाऊस पाडायचा. आणि पठ्ठ्या खरंच बोलला! "हा बशा हाय, जुपला का खालीच बसते." "हा मारते." "याचं वय इचारू नोका." गिऱ्हाइकं आल्या पावली परत गेली. बाकीच्या दलालांनी हात जोडून बाबांना घरी पाठवलं. एवढं करूनही पाऊस आला नाही. बाबांनी जाहीर केलं, "म्या माहा शब्द पाळला, त्यानं नाई पाळला. सौदा मोडला."

चर्चमध्ये येणं बंद. रविवारी ते बायकोला, मार्थाकाकूंना, फाटकापर्यंत सोडत आणि बाहेर लिंबाखाली बसून राहत. काकू उपासनाभर डोळे पुसत. आपला माणूस देवाशी अबोला धरूनच मरेल, ही त्यांची धास्ती. मलाही ती रिकामी जागा बघून रडू येई. एक डोळा उघडा ठेवण्यात आता काही राम नव्हता.

शेवटी वडील त्यांच्या घरी गेले, मीही गेले. बाबा गोठ्यात म्हाताऱ्या चांद्या बैलाला हातानं कुटार भरवत होते. गावात चाऱ्याचे हाल, आणि घरातलं उरलंसुरलं कुटार त्याच्यापुढे.

"काम करतो का हा?" वडिलांनी विचारलं.

"कायचं काम? उठता येत नाई त्याले."

"स्वभावानं तरी गरीब?"

"माहा पाय यानंच मोडला होता."

"मग विकत का नाही?"

"काहून इकू? घरचा हाय थो!" बाबा ओरडले.

कुटाराची मूठ बाबांच्या हातातच राहिली; चांद्यानं मान लांबवून ती ओढून घेतली. दारातून काकू म्हणाल्या, "समजलं का आता? पादरीसाहेब कवाचे हेच सांगून राहिले."

पुढच्या रविवारी बाबा आले. रुमाल अंथरला नाही, त्याच रुमालानं नाक पुसलं, तेही उपासना संपेपर्यंत. पाऊस त्यानंतरही लगेच आला असं नाही. बाजारात खरं बोलायची सवय मात्र त्यांना लागली ती लागलीच, आणि धंदा बसला तो बसलाच.

लग्न होऊन मी अकोल्याला आले. दलालबाबा शेवटचे आजारी पडले तेव्हा भेटायला गेले. खाटेवरून हसले. "पोरी, देवाले म्या माह्या साऱ्या खोडी सांगतल्या. एक बी नाई लपवली."

"मग?"

"थो म्हणे, मले पयलेच मालूम हाय. ये गोठ्यात."

बाबांची शवपेटी बंद करायच्या वेळी कुणीतरी आठवणीनं तो रुमाल आणून आत ठेवला. मार्थाकाकूंनी तो काढून घेतला.

"तिथं कायले पायजे?" म्हणाल्या. "घरी चालले थे."