पार्किंगमधला ट्रॅक्टर

सोसायटीच्या फलकावर सूचना लागली होती : ‘बंद अवस्थेतील वाहने महिनाअखेर हलवावीत. यात ट्रॅक्टरही आला.’ सोसायटीत ट्रॅक्टर एकच होता, आमचा. म्हणजे सूचना आम्हालाच होती, फक्त नाव घ्यायचं टाळलं होतं.

खडकवासल्याच्या अलीकडे, कालव्याच्या काठाला आमचं गाव आहे. आता ते महापालिकेत गेलंय आणि आमच्या शेतात दोन इमारती उभ्या आहेत. त्यातल्या एकीत आई आणि माझा धाकटा भाऊ राहतात. मी लग्न होऊन कर्वेनगरला आले. तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. जमीन बिल्डरला देताना आईनं एकच गोष्ट मागितली होती, ट्रॅक्टरला जागा. म्हणून मागच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड झाली आणि तिथं तो वर्षानुवर्षं उभा राहिला. हळूहळू त्याच्याभोवती रंगाचे डबे, गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि मुलांच्या मोडक्या सायकली जमल्या.

वडील कारखान्यात पाळीवर जायचे. ट्रॅक्टर त्यांनी हौसेनं घेतला, तोही जुनाच, पण चालवला आईनं. विकणाऱ्याचा ड्रायव्हर शिकवायला आला तेव्हा वडील कामावर होते, म्हणून ती शिकली. पुढं तेच सोयीचं ठरलं. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा नांगरणार कधी? मला त्या काळातलं फार आठवत नाही. मला मडगार्डवर बसवलेलं असायचं आणि पत्रा उन्हानं तापलेला असायचा, एवढंच.

सूचना लागल्यावर भावानं भंगारवाल्याला बोलावलं. तो क्रेन घेऊन येतो म्हणाला. आई म्हणाली, "ओढत न्यायचा न्हाय. आधी सुरू करा, मग न्या कुटं बी."

"आई, तो आता सुरू होणार नाही."

"करून बघितलाय का?"

भावाकडे पुढच्या खटाटोपाला वेळ नव्हता. माझ्या कॉलेजला मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून काम माझ्याकडे आलं. मला स्वतःला त्या ट्रॅक्टरचं काही वाटत नव्हतं. आईला नाही म्हणण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं.

वडिलांच्या ओळखीचे एक मिस्त्री होते. गॅरेज बंद करून घरी बसलेले. ते स्कूटरवरून आले, ट्रॅक्टरभोवती फिरले, इंजिनमधलं ऑइल पट्टीवर घेऊन बोटांत चोळलं आणि समोरून हँडल घालून फिरवायला गेले. हँडल जागचं हललं नाही.

"जाम आहे," ते म्हणाले.

"मेलंय का?" आईनं विचारलं.

"ते आत्ताच कसं सांगू वहिनी? बघू."

त्यांनी इंजिनाच्या डोक्यावरचे नोझल काढले. त्यातूनच सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा जातो. त्या भोकांतून त्यांनी डिझेल आणि ऑइल मिसळून आत ओतलं आणि रोज सकाळी थोडं थोडं ओतत राहायला सांगितलं. आई रोज अंघोळीआधी खाली जाऊन ते करायची. हँडलला हिसका द्यायची, हललं नाही की वर यायची.

डिझेलच्या टाकीत काकवीसारखा चिकट थर होता. एअर क्लीनरमध्ये उंदरांनी घर केलं होतं. टाकी धुवायचं काम मी केलं. वास केसांतून जाईना, नवरा दोन-तीनदा खिडकी उघडून बसला. नोझल तपासून आणायला मी शनिवार पेठेतल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं ते हातात घेऊन विचारलं, "कशाचे?"

"ट्रॅक्टरचे."

"ट्रॅक्टर चालू आहे?"

"नाही. बरीच वर्षं बंद आहे."

"मग तुम्हाला घाई नाही. गुरुवारी या."

गुरुवारी गेले तर दुकान बंद होतं. शुक्रवारी त्यांनी कागदात गुंडाळून नोझल दिले आणि म्हणाले, "काल यायला सांगितलं होतं."

मधल्या एका सकाळी आईचा फोन आला. "हाललं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी गेले तेव्हा मिस्त्री हँडल मागंपुढं करत होते. दर खेपेला ते थोडं जास्त फिरत होतं. शेवटी पूर्ण फिरलं. मिस्त्रींनी घाम पुसला आणि चहा मागितला. मग गंजून चिकटलेला क्लच त्यांनी ठोकून, हिसके देऊन मोकळा केला. ब्रेकही जुजबी चालतील इतके केले.

रविवारी सकाळी सुरू करायचं ठरलं. नवी बॅटरी जोडली, चाकांत हवा भरली, टाकीत डिझेल ओतलं. स्टार्टर मारला की इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. "एअर धरलीय," मिस्त्री म्हणाले. पाइपाचा एकेक नट सैल करून ते अडकलेली हवा बाहेर काढत होते. आई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होती. भाऊ दूर, आपल्या गाडीपाशी उभा होता.

मग एकदम पांढरा धूर आला, एक ठोका पडला, पाठोपाठ दुसरा, आणि इंजिन सुरू झालं. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज सहन होईना. शेजारच्या दोन मोटारी आपोआप किंचाळायला लागल्या. गॅलऱ्यांत माणसं आली. सोसायटीचे सेक्रेटरी, यवतमाळकडचे, सॉफ्टवेअर कंपनीतले तरुण गृहस्थ, बर्म्युडावरच खाली धावत आले.

"काकू, बंद करा ना! पाचव्या मजल्यापर्यंत धूर आलाय."

"करा बंद," आई मिस्त्रींना म्हणाली.

हे इंजिन किल्लीनं बंद होत नाही. नॉब ओढला की डिझेल तुटतं आणि मग ते थांबतं. मिस्त्रींनी नॉब ओढला. तो गंजक्या तारेसकट हातात आला. पंपावरची कळ हातानं दाबायला गेले, तर तीही अडकलेली. सुरू कसं करायचं यात आम्ही इतके गुंतलो होतो, की बंद कसं होईल ते कुणी पाहिलंच नव्हतं.

"पाइप तोडतो," मिस्त्री ओरडले आणि पाना शोधू लागले.

"थांबा, मिस्त्री. सरका."

आई उठली. तिचे गुडघे दुखतात, जिना उतरतानाही ती कठडा धरते. मी हात पुढं केला, तो तिनं बाजूला सारला. पदर खोचला, पायरीवर पाय ठेवला, एकदा घसरला, परत ठेवला आणि चढून बसली. क्लच दाबण्यासाठी ती सीटवरून जवळजवळ उभी राहिली. गिअर पडताना कर्रर्र झालं. ट्रॅक्टरनं गचका दिला आणि शेडमधून बाहेर निघाला.

"आई!" भाऊ ओरडला. तो स्वतःच्या गाडीसमोर हात पसरून उभा राहिला. त्यानं काय झालं असतं, देव जाणे.

आई त्याच्या बाजूनं सरळ गेली. मी मागून चालत होते, पळावं इतका वेग नव्हता. तिची पाठ ताठ होती आणि नजर पुढच्या चाकांवर. मला भीती वाटायला हवी होती. प्रत्यक्षात मी तिचे खांदे बघत होते आणि ही बाई मला नीट माहीत नाही, असं मनात येत होतं. वॉचमननं कुणी न सांगता फाटक सताड उघडलं. आई बाहेर गेली नाही. फाटकाशी थांबून तिनं वरचा गिअर टाकला, ब्रेकवर सगळं वजन दिलं आणि क्लच सोडला. ब्रेकनं अडवलेली चाकं इंजिनाला ओढवेनात; ट्रॅक्टर थरथरला आणि गप्प झाला.

गॅलरीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, पण त्यांना कुणी साथ दिली नाही. सेक्रेटरींनी तिला हात देऊन उतरवलं. "आमच्या बाबांकडे पण आहे," ते हळूच म्हणाले, "मला नाही चालवता येत."

"शिकायचा," आई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

ट्रॅक्टर भंगारात गेला नाही. मिस्त्रींनी नवीन तार टाकली, कळ मोकळी केली आणि पानशेतकडचं एक गिऱ्हाईक शोधलं. तो माणूस नेऊ लागला तेव्हा आई वर टीव्ही बघत होती. खाली येतेस का, असं मी विचारलं.

"कशाला? त्याला येतोय की चालवता."

जुलैत मिस्त्रींनी माझ्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. भाताच्या खाचरात तो ट्रॅक्टर चिखलणी करत होता. मी रविवारी गेल्यावर आईला दाखवला. तिनं मोबाईल डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत पाहिला.

"लई रेस देतोय," ती म्हणाली. "सांग त्याला."