दसऱ्याला अडलेली गाडी

दसऱ्याच्या सकाळी आमच्या घरात सगळ्यात आधी आवरून झालं ते आईचं. ठेवणीतलं हिरवं लुगडं, नाकात नथ, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. गाडी अजून गोठ्याजवळच उभी, आणि ही मागच्या सीटवर जाऊन बसलेली. कोरेगावहून सांगली काही हाकेच्या अंतरावर नाही, पण तिचा उतावळेपणा बघून वाटावं की सांगली वेशीबाहेरच आहे.

उतावळेपणाला कारण होतं. तिचे वडील, म्हणजे माझा आजा, सांगलीच्या विश्रामबागेत मामाकडे राहायचा आणि उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळला होता. माझे वडील, आमचे दादा, फौजेतून पेन्शनीत आले आणि साताऱ्याच्या एका डॉक्टरांची जुनी काळी मोटार त्यांनी घेतली. ते कळल्यापासून आज्यानं एकच धोशा लावला होता, की त्या मोटारीत एकदा बसायचंय. मामानं निरोप धाडला होता, दसऱ्याला नक्की या, दिवाळीपर्यंतचं काही सांगवत नाही.

दादांनी गाडी सुरू केली. मी पुढं बसले होते आणि सांगलीपर्यंत गाणी म्हणायचा माझा बेत होता. गाडी फाटकापर्यंत झोकात गेली, दोनदा खोकली आणि गप्प झाली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच.

"पेट्रोल वर येत न्हाई," दादा म्हणाले आणि बॉनेट उघडून आत वाकले.

मी शेजारी होतेच. ते फौजेत गाड्यांच्या दुरुस्तीवर होते, आणि घरात त्यांच्या या विद्येची वारस मी एकटीच. इंजिनाच्या कडेला पेट्रोल गाळायची एक काचेची वाटी होती. टाकीतलं पेट्रोल आधी तिच्यात यायचं, बारीक जाळीतून गाळून पुढं जायचं. ती वाटी धुळीनं आणि तेलानं इतकी काळी झाली होती की आत काय आहे ते दिसेना. पण नवी जाळी आणि बुचाची चकती दादांनी आधीच आणून ठेवली होती. जुनी काढायची, नवी बसवायची, चला सांगलीला! मी नट खोलायचे पाने आणायला पळाले आणि अर्ध्या वाटेत पाय थबकले. पाने देवघरात होते.

आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती. खुरपी, कोयते, विळी, दादांचे सगळे पाने आणि पक्कड पाटावर मांडून, झेंडूची फुलं वाहून ठेवली होती. पुजलेल्या हत्याराला सोनं लुटून येईपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा रिवाज. त्यात दादा फौजी.

"आज त्यास्नी सुट्टी हाय," ते म्हणाले. "एस्टीनं जाऊ."

"एस्टीत बसायला आजा वाट बघतोय व्हय?" मी फटकन बोलले. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. "दादा, तुम्ही पाने सांभाळत बसा, आम्ही चालत जातो!"

आई डबा सीटवर ठेवून खाली उतरली, घरात गेली आणि पदरात सगळे पाने घेऊन बाहेर आली. त्यांच्यावरचं कुंकू तिच्या हिरव्या लुगड्याला लागलं होतं. "देवाला सांगितलंय मी," ती म्हणाली. "घ्या. माजा बा वाट बघतोय."

दादांनी पान्याला हात जोडले आणि कामाला लागले.

पण वाटीखालचा नट गंजून असा बसला होता की हलायचं नाव घेईना. जास्त जोर लावावा तर काच फुटायची भीती, आणि तशी वाटी कोरेगावात कुठून मिळणार? दादांनी नटावर रॉकेल सोडलं. मग हळूहळू ठोकत राहिले. पुन्हा रॉकेल, पुन्हा ठोकणं. माझा हात बारीक, म्हणून वाटी खालून मी धरली. आई आमच्या पाठीशी उभी राहून "निघालं का? निघालं का?" म्हणत होती. एकदाचा नट कुरकुरला आणि फिरला. मी इतकी जोरात ओरडले की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली.

वाटी सुटून माझ्या हातात आली. आत पिवळा लगदा होता आणि त्यात तांदळाचे दाणे. जाळी गच्च भरली होती. दादांनी लगदा बोटावर घेतला, नाकाशी नेला.

"पेट्रोलला जायफळाचा वास कसा गं?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी आईकडे पाहिलं. काल गाडीची पूजा तिनं केली होती. तिचा चेहरा उतरला.

"बेंदराला बैलांस्नी पुरणपोळी भरवतो का न्हाई आपण?" ती खाली बघत म्हणाली. "मग हिलाच उपाशी ठेवायची व्हय? तोंड उघडून चिमूटभर पुरण घातलं. अन् वरनं अक्षता."

गाडीचं तोंड म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं तोंड. दादांचा राग गावाला ठाऊक होता. त्यांनी एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि ते हसायला लागले. हसता हसता फाटकाला टेकले. "तरी म्हनलं, घास घशात अडकल्यागत का खोकतिया!" आईलाही हसू फुटलं, आणि मला ती त्या घडीला इतकी आवडली की मी तेलकट हातांनी तिला मिठी मारली.

टाकीतलं पेट्रोल बादलीत काढून धोतराच्या फडक्यातून गाळलं. नवी जाळी, नवी चकती, वाटी स्वच्छ पुसून जागेवर. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. मग सांगलीच्या वाटेवर मी जी गात सुटले, ती आईनं डबा उघडून माझ्या तोंडात पोळी कोंबेपर्यंत.

विश्रामबागेत उन्हं कलताना पोचलो. मामा म्हणाला, तुमी येत न्हाई असं समजून म्हाताऱ्यानं जेवण परत पाठवलंय. हॉर्न ऐकून आज्यानं उठायची धडपड केली. दादांनी आणि मामानं त्याला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. मग तो काही केल्या उतरेना. शेवटी आईनं ताट गाडीतच मागवलं आणि मागं बसून, पुढं वाकून त्याला एकेक घास भरवू लागली. दादांनी गाडी हळू विश्रामबागेतून फिरवली. आज्यानं हात खिडकीबाहेर काढला होता आणि रस्त्यावरच्या ओळखीच्या, अनोळखी सगळ्यांना तो सांगत होता, "माझ्या लेकीची गाडी हाय!"

मामानं सायकलवरून शेजारी येत त्याला समजावलं, "बा, गाडी दाजींची हाय."

"न्हाई, न्हाई," दादा म्हणाले. "तिचीच हाय. मी नुसता चालवतोय."