भरतीले निघतो म्हणे

त्या वर्षी दिवाळी उलटून गेली तरी आभाळ मोकळं होत नव्हतं. आमच्या गावात, म्हणजे माझ्या सासरी, वैनगंगेच्या अलीकडे, धान कापून बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, पसरून ठेवलेलं होतं. कापून पसरलेल्या धानाला इकडे कडपा म्हणतात. कडपा भिजल्या की दाण्याला कोंब फुटतो आणि वर्षभर भाताला कुबट वास येतो. म्हणून आम्ही बायका त्या पुन्हा पुन्हा उलटवत होतो. वारा असा बोचरा की बोटं वाकायला तयार नसत.

मी मूळची कोकणातली. मालवणाकडच्या एका खाडीच्या तोंडाशी माझं माहेर. सातवीनंतर शाळा सुटली, कारण आई मासे विकायला जायची आणि धाकट्या भावाला बघायला घरी कोणी नव्हतं. त्याला मीच वाढवला म्हटलं तरी चालेल. माझं लग्न मामानं जमवलं. मामा तांडेल होता, बोट त्याच्या हातात असायची, आणि त्याच्या बोटीवर इकडून गेलेला एक खलाशी होता. मामा आईला म्हणाला, तळ्यातला का असेना, ढिवराचा, मासे धरणाऱ्याचाच पोरगा आहे, पाण्याला भिऊन असतो, पोरीला नीट ठेवील. नीटच ठेवलं त्यांनी. पुढे सासरे गेले आणि आम्ही इकडे आलो. हे बल्लारपूरला कामाला लागले. आठवड्यानं घरी येतात. एरवी घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

इकडे आल्यावर मला थंडी म्हणजे काय ते कळलं. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर ओढलेलं आईचं जुनं लुगडं, बस. इथली थंडी जंगलातून चालत येते आणि हाडांत बसते. पहिल्या हिवाळ्यात मी कुडकुडत कोपऱ्यात बसले, तर आत्याबाईंनी ओढून शेकोटीपाशी बसवलं, आपली घोंगडी माझ्यावर टाकली आणि शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, समुद्रावरची पोर, अन् हिवाले भेते. बाईचं तोंड असं, पण ती घोंगडी त्यांनी परत कधी मागितली नाही.

तर त्या दिवसांची गोष्ट. मी बांधीत होते आणि मोबाइल घरी चार्जिंगला. संध्याकाळी परत आले तर आत्याबाई दारातच उभ्या, चेहरा फुललेला. शेजारच्या काकू, तिच्या दोन सुना, सगळ्या जमलेल्या. माझ्या भावाचा फोन आला होता, तो पोलीस भरतीला निघाला, चार-पाच दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नको, असं त्यानं सांगितलं म्हणे.

इथे भरती म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. गावातली पोरं अंधार फिटायच्या आत डांबरी रस्त्यावर धावतात ती भरतीसाठी. लग्न ठरवताना विचारतात, पोरगा भरतीची तयारी करतो का. माझा भाऊ बारावी झालेला, उंचीला चांगला. मी आणि हे दोघंही वर्षभर त्याच्या मागे लागलो होतो की दर्यात काय आहे, एकदा मैदानात उतरून बघ. तो हसायचा, बघू म्हणायचा. म्हणून मला ती बातमी खरी वाटली. मी फोन लावला, लागला नाही. काकू म्हणाली, मैदानात मोबाइल कुठी नेऊ देते, बाई. तिच्या मोठ्या सुनेनं वाटीभर साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली. मीही खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून वादळाच्या बातम्या सुरू झाल्या. अरबी समुद्रात कमी दाबाचं काहीतरी तयार झालं होतं आणि ते किनाऱ्याकडे सरकत होतं. रेड अलर्ट, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, गेलेल्यांनी ताबडतोब परत फिरावं. बंदरात धोक्याचा बावटा चढवला, असं माझ्या माहेरच्या गावच्या कोणीतरी पाठवलेला व्हिडिओ सांगत होता. मागे माड इतके वाकलेले की झावळ्या जमिनीला टेकतील असं वाटावं. आईचा फोन बंद. लाइट गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. घराच्या कौलांची, आईच्या सुक्या मासळीची काळजी वाटली. आणि मनातल्या मनात हातही जोडले, की बरं झालं, पोरगा या दिवसांत जमिनीवर आहे. कुठल्यातरी मैदानात छाती फुगवून उभा असेल. इकडेही पाऊस लागला होता, बारीक आणि बर्फासारखा. पण मी कडपा उलटवताना गुणगुणत होते, हे मला नंतर काकूनं सांगितलं.

अशाच एका दुपारी जेवून आम्ही शेकोटीपाशी बसलो होतो. मी मोबाइलवर बातम्या मोठ्या आवाजात लावल्या होत्या, आत्याबाईंना दिसत कमी म्हणून. निवेदिका वाचत होती, भरतीच्या वेळी समुद्राच्या लाटा उंच उसळतील, भरतीच्या वेळी नागरिकांनी किनाऱ्यावर जाऊ नये.

आत्याबाईंनी काटकी विस्तवात सारली आणि सहज विचारलं, "काऊन वो, तुमच्याकडं पोलिसायची भरती समुद्रावरच होते का?"

मी हसणार होते. हसू ओठांपर्यंत आलंही होतं.

भरती. आमच्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिथे बोट टेकते, बाहेर पडता येत नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक बोट भरतीलाच निघते. लहानपणापासून हजारदा ऐकलेलं वाक्य, भरतीला निघतो. इकडे इतकी वर्षं राहून मी तो शब्द इकडच्याच कानांनी ऐकायला लागले होते.

मी विचारलं, आत्याबाई, तो नक्की काय म्हणाला, त्याचेच शब्द सांगा.

"भरतीले निघतो म्हणे. चार-पाच दिवस फोन नाई लागन म्हणे. मामा संगं हाय म्हणे."

पोलीस त्यांनी स्वतःहून जोडलं होतं. आणि मामाचं मला सांगायचंच राहिलं होतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही त्यांना वाटलं नव्हतं. इकडे पोरगा भरतीला गेला की बाप नाहीतर मामा सोबत जातोच, मैदानाबाहेर पिशवी धरून बसायला.

मी त्यांना समजावून सांगितलं. मग त्या दोन्ही हात कानांवर ठेवून बसल्या, जणू कानांचीच चूक होती. मला राग आला नाही. खरं सांगते, रागावायला अंगात जागाच नव्हती. त्या मोबाइलमधले माड वाकत होते आणि त्या पाण्यात माझा भाऊ होता.

नंतरचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येत नाही. ह्यांना कळवलं, हे बल्लारपूरहून आले. आईचा फोन एकदा लागला, ती फक्त रडली. तिला वाटत होतं मला माहीत आहे आणि मी मुद्दाम विचारत नाही, हे मला नंतर कळलं. शेजारच्या काकूनं माझ्या वाटणीच्या कडपा उलटवल्या. धाकट्या सुनेनं भाजीभाकरी आणून ठेवली. कोणी धीर दिला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. या गावानं नदीत माणसं गेलेली बघितली आहेत. डोंगा उलटतो, पूर येतो. पाण्यावर गेलेल्या माणसाबद्दल काही बोलू नये, हे इथल्या बायकांना माहीत आहे. त्या नुसत्या येऊन बसायच्या, मटार नाहीतर लसूण सोलत. मला मात्र एकच दिसत राहायचं, की आमच्या माणसांकडे गरम कपडा नसतो. दर्यावर जाताना कोण स्वेटर नेतो.

वादळ निवळल्यावर आईचा फोन आला. ह्यांनी उचलला आणि माझ्या हातात दिला.

"तो इलो गो बाये," आई म्हणाली. "मामा गेलो."

मशीन बंद पडून बोट भरकटली होती. वारा तिला उत्तरेकडे घेऊन गेला. केबिनचं छप्पर उडालं, सगळे दिवसरात्र भिजत होते. दुसऱ्या एका बोटीनं त्यांना दोर टाकून ओढत नेलं आणि लांबच्या बंदरात लावलं. मामा बुडाला नाही. तो थंडीनं गेला. भाऊ नंतर सांगत होता, मामा आधी सगळ्यांना शिव्या देत होता, एकमेकांना चिकटून बसा, हात चोळा म्हणून. मग असंबद्ध बोलायला लागला, मग अंग गारठलेलं असूनही गरम होतंय म्हणून सदरा काढायला लागला. मग गप्प झाला. तिथेच, त्या परक्या गावात, त्याला अग्नी दिला. आई पोहोचू शकली नाही.

मी फोन ठेवला आणि पहिली गोष्ट मनात आली ती, भाऊ आहे. दुसरी नंतर आली.

इकडची रीत अशी, की मरणाची बातमी कानावर पडली की नेसत्या कपड्यांनिशी आंघोळ करायची, थंड पाण्यानं, आणि तीही नदीवर. आत्याबाई रीतीच्या पक्क्या. सासरे गेले तेव्हा वेगळ्या राहणाऱ्या माझ्या मोठ्या जावेला ताप होता, तरी त्यांनी तिलाही सोडलं नव्हतं. मी उठले, कपडे घ्यायचे नव्हतेच, दाराकडे निघाले. बाहेर धुकं आणि बारीक पाऊस. काकू माझ्यासोबत येण्यासाठी डोक्यावर पोतं घेऊन उभी होती.

आत्याबाई चुलीपाशी गेल्या. मोठा गंज उचलला, लग्नकार्यात वरण शिजवायचं पातेलं, पाण्यानं भरून चुलीवर ठेवला आणि खाली लाकडं सारली. काकू म्हणाली, बाई, हे काय करून राह्यल्या, नदीवर न्यायचं हाय तिला, लोक काय म्हणतील.

"थंडीनं गेला तो मानूस," आत्याबाई म्हणाल्या. "थंड पाण्यानं त्याचं सुतक मी माह्या घरात नाई फिटू देनार."

पाणी तापायला वेळ लागला. तोवर काकूही पोतं काढून चुलीपाशी बसली आणि फुंकणीनं जाळ फुंकायला लागली. मग मागच्या अंगणात, वळचणीखाली, मला पाटावर बसवलं आणि दोघींनी तांब्या-तांब्यानं पाणी घातलं. कढत होतं. साडीतून वाफ निघत होती. मी खूप वेळ रडले, आणि त्या गंज रिकामा होईपर्यंत पाणी घालत राहिल्या.