भिलाआप्पांची भिकबाळी

ब्राह्मणपुरीत गेल्या चाळीस वर्षांत असं एकही दुखणं झालं नाही, ज्यावर भिलाआप्पा पाटलांनी औषध सांगितलं नाही. कुणाला कावीळ होवो, कुणाचा गुडघा धरो, कुणाची म्हैस दूध चोरो, आप्पा ओट्यावर बसल्या बसल्या इलाज सांगून मोकळे. त्यांना स्वतःला कधी साधी सर्दीही व्हायची नाही, त्यामुळे त्यांच्या औषधांची परीक्षा कायम दुसऱ्याच्या अंगावर व्हायची. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ती त्यांच्या अंगावर आली, आणि आली ती कानावाटे.

झालं असं, की त्यांच्या मुलाचा, भाग्येशचा, साखरपुडा शहाद्याला झाला. मुलीचे वडील रूपचंदभाई. तीस वर्षं पुण्यात बँकेत नोकरी करून नुकतेच शहाद्याला परतलेले. त्यांच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला दोन मोत्यांची आणि एका लाल खड्याची भिकबाळी होती. फोटोवाला फिरून फिरून त्यांच्या उजव्या बाजूला जायचा. आप्पांनी त्या दिवसासाठी नवा सफारी शिवला होता, पण सफारीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. पापडापासून पुरणापर्यंत आप्पांना जेवण गेलं नाही ते नाहीच.

खरं तर भिकबाळीवर आप्पांचा हक्क जुना. त्यांच्या आधीची दोन भावंडं दगावली, म्हणून त्यांच्या आईने पाच घरी पदर पसरून गुंज गुंज सोनं मागितलं होतं आणि त्याची बाळी करून लेकाच्या कानाच्या पाळीत घातली होती. शाळेत पोरं "पोरगी, पोरगी" म्हणून चिडवायला लागली, तेव्हा भिलाने ती उपटून विहिरीत टाकली. आई दोन दिवस जेवली नव्हती. पाळीचं भोक तेव्हाच बुजलं. जे फुकट मिळालं ते विहिरीत घालायचं आणि म्हातारपणी तेच विकत आणायचं, याला आमच्याकडे हौस म्हणतात.

लग्नाला बारा दिवस राहिले होते. लग्नात याहीभेट, म्हणजे व्याह्यांची भेट असते. मांडवाच्या दारात दोन्ही बाप सगळ्या गावासमोर गळाभेट घेतात, एकदा डाव्या अंगाने, एकदा उजव्या. तिथे रूपचंदभाईंच्या कानापुढे आपला कान उघडा दिसणार, ही कल्पनाच आप्पांना सोसेना. ते थेट ईश्वर सोनाराकडे गेले. ईश्वरने गावातल्या तीन पिढ्यांचे कान टोचलेले. त्याने आप्पांचा कान दोन बोटांत धरून पाहिला आणि सोडून दिला.

"आप्पा, पाळी राहती ते टोची देतू. वरनी कड कडक ऱ्हास, बारा दिवसमा भरावणार नई. लगीन व्हवू द्या, मंग पाहू."

"तुले काय समजस?" आप्पा म्हणाले, आणि मोटारसायकलला किक मारून शहाद्याला गेले. तिथे बसस्टँडमागे एका दुकानात मोबाईलचे कव्हर, गोंदण आणि कान टोचणं एकाच काउंटरवर होतं. तिथल्या माणसाने खेळण्यातल्या पिस्तुलासारखं यंत्र उजव्या कानाच्या वरच्या कडेला लावलं, ठाप केलं आणि बाळी अडकवली. आप्पा घरी आले ते मान डावीकडे किंचित झुकवून, म्हणजे बाळी सगळ्यांना दिसावी. दोन दिवस गल्लीत ती मान तशीच होती.

तिसऱ्या दिवशी कान लाल झाला. चौथ्या दिवशी टरारून सुजला. त्यांची बायको कौसाबाई पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती, "मीठना कोमट पानीघाई धोवा, नि हात लावू नका." पण ते घरातलं माणूस, बोलून बोलून किती बोलणार, आणि घरातल्या माणसाचं औषध लागू पडतं असं आप्पांनी कधी ऐकलं नव्हतं. शिवाय मीठ म्हणजे काय औषध? ते तर भाजीतही असतं.

मग आप्पांनी आजवर लोकांना सांगितलेलं सगळं स्वतःला लावायला घेतलं. सकाळी हळद-तेल, दुपारी कोरफड, संध्याकाळी टूथपेस्ट. एकाने फोनवर व्हिडिओ पाठवला, म्हणून लसूण ठेचून लावला. बाळी चिकटू नये म्हणून दर तासाला न धुतलेल्या हाताने ती गरगर फिरवली. गल्लीतला जो तो येऊन कान बघून जायचा आणि जाताना एक औषध ठेवून जायचा. आप्पा कुणाला नाही म्हणाले नाहीत, कारण त्यांनीही कधी कुणाला सोडलं नव्हतं. वैशाखात सगळेच कानाला गमछा बांधतात, पण आप्पा घरात पंख्याखालीही गमछा बांधून बसू लागले.

सहाव्या दिवशी ठणका इतका वाढला, की ते गोठ्यात गेले. म्हशीचं शिंग मोडलं होतं तेव्हा आणलेला जखमेचा जांभळा फवारा तिथे खुंटीला टांगलेला होता. एवढं मोठं जनावर बरं झालं, आपला कान तो केवढासा, असा हिशेब करून त्यांनी डोळे मिटले आणि दाबला. म्हैस त्यांच्याकडे बघत होती. कानापासून गळ्यापर्यंतची अर्धी बाजू वांग्याच्या रंगाची झाली आणि ठणका तसाच राहिला.

सातव्या दिवशी ताप भरला. कौसाबाईंनी पिशवी उचलली आणि त्यांना शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"आप्पा, काय काय लावलं कानाला?"

आप्पांनी यादी सांगितली. बाईंनी सगळी ऐकून घेतली.

"आणि हा जांभळा रंग?"

आप्पा छताकडे बघू लागले.

"म्हैसना शे," कौसाबाई म्हणाल्या.

बाईंनी बाळी काढली, पू काढला, आप्पांचं ओरडणं बाहेरच्या रांगेपर्यंत गेलं. मग बाई म्हणाल्या, "पाळी वेगळी आणि ही वरची कड वेगळी. इथे पू साचला की कान आतून गळतो आणि आकसतो. आणखी चार दिवस थांबला असतात तर हा कान पुन्हा सरळ झाला नसता. एकही गोळी चुकवायची नाही. दिवसातून दोनदा मिठाच्या कोमट पाण्याने पुसायचं. दुसरं काहीही लावायचं नाही. बाळी तर विसराच."

"मिठाचं पाणी?" आप्पांनी विचारलं. कौसाबाई पिशवीची नाडी बांधत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

पाच दिवसांनी लग्न लागलं. कान वाचला, पण रंग गेला नाही. फेटेवाल्याने फेटा कानाच्या वर तिरपा बसवला, त्याखाली पांढरी पट्टी, पट्टीखाली जांभळी मान. आप्पा विचारणाऱ्याला मधमाशी चावली म्हणून सांगत होते. मांडवाच्या दारात रूपचंदभाई समोरून आले, भिकबाळी झळकवत. डाव्या अंगाची भेट निभावली. उजव्या अंगाला कानाला कान घासला, आप्पांनी दात आवळले, आणि वेगळं होताना पट्टीच्या कापसात काहीतरी अडकून आलं.

ती रूपचंदभाईंची भिकबाळी होती. त्यांच्या कानाला भोकच नव्हतं. कौसाबाई ओवाळणीचं ताट घेऊन शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी ती पदराआड उचलून याहींच्या हातात दिली.

"दाबून बसवायची आहे," रूपचंदभाई कानाशी कुजबुजले. "मला सुईची भीती वाटते, याही. कुणाला सांगू नका."

आप्पा मांडवामागच्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. कौसाबाईंनी कापूस कोमट पाण्यात बुडवून कान पुसायला घेतला. त्यांचा चेहरा आप्पांच्या अगदी जवळ होता. त्यांच्या कानात सासूचे वजनदार झुबे होते, पण ते पाळीत नव्हते. पाळी खालपर्यंत फाटून तिची दोन टोकं झाली होती. झुबे कानामागून काळ्या दोऱ्याने बांधलेले होते.

"तुन्हा कान असा कसा फाटना?" आप्पांनी विचारलं.

कौसाबाईंचा हात थांबला. "चाळीस वरीस लागनात तुम्हले इचाराले," त्या म्हणाल्या. "आपला लगीनमा फाटना. कान पिकेल व्हतात, पू व्हता. तुमनी मायनी सांगं, झुबा काढजो नको, याहीभेट व्हवू दे, लोके काय म्हणतीन. तुम्हीन बाजूलाच बठेल व्हतात."

आप्पांना ते आठवलं नाही. त्या दिवशी आपल्या पायातला नवा बूट चावत होता, एवढंच आठवलं. शरमेने त्यांचा दुसरा कानही तापला.

"काढ ते झुबे," ते म्हणाले.

"आते कसाले? आते नई दुखस." कौसाबाईंनी कापूस पिळला. "हालू नका."

बाहेरून फोटोवाला हाका मारत होता. आप्पा हालले नाहीत.