दहा वर्षांची सही

माधवनगरहून मी निघालो तेव्हा आबांनी माझी ट्रंक स्वतः रिक्षात चढवली. आबा म्हणजे माझे वडील, कापड गिरणीत जॉबर. माग बिघडला की त्यांना हाका, त्यामुळे हात कायम तेलकट. त्या दिवशी मात्र साबणाने घासून आले होते. "पाच वर्सं नोकरी कर, शिकून घे, आन् माघारी ये," म्हणाले. मी हो म्हटलं. त्याला सव्वीस वर्षं झाली.

मुंबईत मी एका प्रायव्हेट इक्विटी फंडात पार्टनर आहे. गावाकडे कुणी विचारलं तर "बँकेत" म्हणतो, सुटका होते. खरं काम असं, की लोकांचा पैसा दहा वर्षांसाठी घ्यायचा, चालत्या कंपन्यांत हिस्सा घ्यायचा, त्या वाढवून विकायच्या. पैसे देणारे विचारतात, सांभाळणार कोण? मग करारात दोन-तीन नावं घालतात. ती माणसं सोडून गेली तर नवी गुंतवणूक तिथल्या तिथे बंद. माझं नाव पहिल्यांदा छापून आलं तेव्हा मी ऑफिसभर पेढे वाटले होते. स्वतःच्या बेडीचे पेढे वाटणारा शहाणा मीच.

गेल्या महिन्यात विश्रामबागेत शंकरअण्णांच्या ऑफिसात गेलो. द्राक्षबागेत फवारणीला लागतात ते ब्लोअर त्यांचा कारखाना बनवतो, आणि आम्ही त्यात हिस्सा घेत होतो. मी माझी नेहमीची अट वाचून दाखवली: पाच वर्षं कंपनी सोडता येणार नाही. हे ऐकलं की माणसं वकिलाकडे बघतात. अण्णा हसायलाच लागले.

"आवं सायेब, पाच वर्सं हितंच ऱ्हायचं, एवढंच न्हवं? मी जातोय कुठं!"

आणि सही ठोकली. मला त्यांचा इतका हेवा वाटला, की हात मिळवायचंही सुचेना.

तिथून माधवनगर हाकेच्या अंतरावर. आबा आता एकोणऐंशीचे, आई गेल्यापासून एकटे. मुंबईला नेलं तर चौथ्या दिवशी पिशवी भरून दाराशी बसतात. चहा ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "मग, कायमचा कवा येतोयस?"

दर वेळी मी "हा फंड संपला की" म्हणायचो. पण आदल्याच आठवड्यात तिसऱ्या फंडावर सही करून बसलो होतो. नाही म्हणता आलं असतं. पण लोक माझ्या नावावर पैसे घालत होते, आणि खरं सांगू? मी घाबरलो. हे काम सोडलं तर मी कोण, हे मला आता ठाऊक नाही. आबांना सगळं सांगून टाकलं.

"किती वर्सं?"

"दहा."

त्यांनी गॅस बारीक केला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग लेका, एक कागद माझ्या नावानं बी कर. दहा वर्सं जायाचं न्हाई म्हणून. मी करतो सही."

ते हसले, मीही हसलो. चहा पिऊन निघालो. खंडाळा येईपर्यंत फोन वाजत होता, मी उचलला नाही.

गावी राहिलेले विचारतात, माझ्यासारखे निघून गेलेलेही विचारतात, तुझं घर आता कुठलं? बाकी सगळ्यांना मी करारात बांधून ठेवतो. माधवनगरात एक माणूस आहे, त्याला थांबवील असा कागद मला करता येत नाही. तो आहे तोवर ते माझं घर.