तांबडा नव्हे, पिवळा

आंबोलीच्या रानात वाटाड्या म्हणून आयुष्य घालवलेल्या विठूकाकांना मोतीबिंदूमुळे आता पाखरं दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. त्या सकाळी मी त्यांना रानात घेऊन गेले होते. पानांआडून बारीक चर्र असा आवाज आला आणि त्यांनी माझा दंड धरला. "कर्णो! तुझ्या उजवीकडे. हलू नको."

मला पानांशिवाय काही दिसेना. कर्णा पक्षी असाच. माणसाची चाहूल लागली की रंगीत छाती लपवून तपकिरी पाठ करून बसतो. बऱ्याच वेळानं तो फांदीवर वळला.

"तांबडो दिसलो काय गो?" काकांनी कुजबुजत विचारलं.

नराची छाती तांबडी असते. काकांचा चेहरा इतका आसुसलेला होता, की 'हो' अगदी माझ्या ओठांवर आलं. पण जो माणूस माझ्या डोळ्यांनी पाहतो आहे, त्याला खोटा रंग कसा दाखवायचा? ओळख पटवणं म्हणजे शेवटी, जे दिसलं तेच सांगणं.

"नाही काका. छाती पिवळट आहे. मादी असावी."

त्यांनी माझा दंड सोडला. मला वाटलं, हिरमुसले. मग हळूच हसले. "दोन वर्सां हय एकटो नरच ओरडता. म्हणजे बायल इली तेका!"

ते तिथंच एका दगडावर टेकले. "ती काय करता, सांग बघू."

ती काहीच करत नव्हती, नुसती बसली होती. तेही मी त्यांना सावकाश, बारकाईनं सांगितलं.