बिगर नावाची मूठ

मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला, त्याच्या आदल्या वर्षी मी साताऱ्याकडून शहाद्याजवळच्या एका खेड्यात सून म्हणून आले. नवरा मास्तर, म्हणून माझ्याशी पुस्तकी मराठी बोलायचा. सासू-सासरे अहिराणी बोलत आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण कळलं नाही हे कबूल करणं माझ्या स्वभावात नव्हतं.

दुपारी चारला लोणखेड्याकडून एसटी यायची. हॉर्न वाजला की ओट्यावर तूरडाळ निवडणारी सासू हात थांबवून म्हणे, "आते ई." आमच्याकडे बापाच्या बहिणीला आते म्हणतात. मी समजले, आत्या यायच्या आहेत. मग रोज एक कप चहा जास्त टाकू लागले. पाच दिवस झाले तरी आत्यांचा पत्ता नाही. शेवटी मी नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या आत्यांना यायचंय की नाही? चहा-साखर काय फुकट येते?"

तो हसत सुटला. इकडे आत्याला फुई म्हणतात. आते म्हणजे आत्ता. "आते ई" म्हणजे "आत्ता येईल", आणि येणार होता तो त्याचा थोरला भाऊ. सासूला हे सांगितलं तेव्हा तीही पदर तोंडाला लावून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग गावभर झालं. शेजारणी विचारत, "सूनबाई, तुन्ही आते उनी का?" तुझी आते आली का? मला राग यायचा. पण तो जास्तीचा कप मात्र मी बंद केला नाही. तो सासू प्यायची.

सासरे तेवढे हसले नाहीत. थोरल्याचा विषय निघाला की ते गोठ्यात निघून जात. माझ्या लग्नाआधी दोन वर्षं, खळ्यावर मजुरांदेखत, त्यांनी थोरल्याच्या कानाखाली मारली होती. त्याला सुरतेला कापडाच्या गिरणीत जायचं होतं, सासऱ्यांना ते नको होतं. थोरला डोक्याचा रुमाल झटकून उठला आणि आईला म्हणाला, "आते येस." मी आत्ता येतो. तो गेला तो गेलाच. पुढे सुरतेहून एकच कार्ड आलं: बाप नाव लीसन बलाई तवय येसू. बाप नाव घेऊन बोलावील तेव्हा येईन. सासूने ते कार्ड देवामागे ठेवलं होतं. बाप एक हट्टी, लेक दुसरा. खाण तशी माती.

श्रावणात खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते, नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, आदल्या दिवशी घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढतात. आमच्या घरी हे काम सासऱ्यांचं. पहिली मूठ थोरल्या लेकाची. ती ते काढत, पण नाव घेत नसत. सासू हळूच म्हणे, "नाव ल्या. बिगर नावनी मूठ कोनी?" नाव घ्या, बिगर नावाची मूठ कोणाची? ते ऐकलं न ऐकलंसं करून पुढची मूठ भरत. पुढच्या मुठींची नावं, अगदी माझंसुद्धा, खणखणीत घेत. रोट भावकीबाहेर द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. थोरल्याच्या वाट्याचा रोट सासू शेवटच्या दिवसापर्यंत झाकून ठेवी, मग माझ्या नवऱ्याला त्याच्या नावाने खायला लावी.

अशी चार वर्षं मी पाहिली. पाचव्या वर्षी सासरे सुपासमोर बसले, पहिली मूठ भरली आणि थांबले. सासू काही बोलली नाही. वातीला तेल घालत राहिली. मूठ तशीच वर. मला वाटलं, मीच म्हणावं, नाव घ्या. पण त्यांच्याशी थेट बोलायची माझी छाती नव्हती. बऱ्याच वेळाने त्यांनी थोरल्याचं नाव घेतलं. खणखणीत नव्हे, पण सासू, नवरा आणि मी, तिघांनीही ऐकलं.

मी नंतर सासूला विचारलं, तुम्ही गप्प का राहिलात? ती म्हणाली, "मन्हं सांगनं सरनं. आते त्यासनी पाळी." माझं सांगणं संपलं, आता पाळी त्यांची.

कानबाईने काय केलं ते कानबाईला ठाऊक. माझ्या नवऱ्याने मात्र त्याच दिवशी सुरतेला कार्ड टाकलं: बाबांनी नाव घेतलं. त्या वर्षी कानबाईचा रविवार पंचमीला लागूनच आला होता, म्हणून पौर्णिमेपर्यंत आठ-नऊ दिवस हाती होते. सासू रोज रोट उघडून बघे आणि परत झाके. मीही आता हॉर्नकडे कान लावून असे.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी चारची एसटी आली. मी चुलीपाशी होते. ओट्यावर डाळ सांडल्याचा आवाज झाला. मी दाराआडून पाहिलं. अंगणात एक दाढी वाढलेला माणूस पिशवी घेऊन उभा होता. सासू खांबाला धरून उभी होती. सासरे लेकाला पाहून खाटेवरून उठले होते. इतक्या वर्षांत माझ्याशी एक शब्द न बोललेले सासरे स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाई, तुन्ही आते उनी. चहा ठेव."

चहा मी आधीच टाकला होता, एक कप जास्त.